बर्फातलं चिकन, बिनशिट्टीचा कुकर आणि चौघांनी पाठवलेला एक मेसेज

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांकडून आला. पहिल्यांदा कराडच्या मावशीकडून, मग दोन मैत्रिणींकडून, शेवटी इथल्या भिशीच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: फ्रीजरमधलं चिकन इलेक्ट्रिक प्रेशर कुकरमध्ये थेट शिजवणं म्हणजे विष शिजवणं. बर्फ वितळेपर्यंत आत जंतू लाखोंनी वाढतात. अमेरिकन सरकारने याला मनाई केली आहे. थंड-गरमाने कुकर फुटतो. हाडाजवळ लाल दिसलं की ते कच्चंच. मांसातली सगळी ताकद निघून जाते. म्हणून चिकन आदल्या रात्री ओट्यावर काढून ठेवा, सकाळी नळाखाली धुऊन शिजवा.

मी टोरांटोजवळ राहते. नोव्हेंबर ते मार्च आमच्या फ्रीजरमध्ये तंगड्या-मांड्यांचा साठा असतो, आणि संध्याकाळी सहाला घरात शिरल्यावर चिकन काढायचं राहिलं हे आठवणं नित्याचं. या कुकरचा गाजलेला ब्रँडही मूळचा इकडचाच. ‘इन्स्टंट पॉट’ २०१० साली ओटावात रॉबर्ट वांग आणि त्याच्या सोबत्यांनी बाजारात आणला. त्यामुळे हा मेसेज मुकाट्याने पुढे ढकलणं मला जमलं नाही. एकेक मुद्दा घेऊ.

जंतूंचा मुद्दा सगळ्यात भारी वाटतो, कारण त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू वाढतात, आणि मांस या टप्प्यात फार वेळ रेंगाळू देऊ नये. फ्रीजरमध्ये सगळे जंतू मरतात हाही गैरसमजच. साल्मोनेला बर्फात नुसता झोपून राहतो. इथवर मेसेज बरोबर. पण रेंगाळणं म्हणजे किती? अगदी मनासारखं ऊबदार हवामान मिळालं तरी या जंतूंना दुप्पट व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात. कुकरात काय होतं बघा. तळातलं पाणी उकळतं, वाफ थेट चिकनच्या अंगावर जाऊन पाणी होते आणि आपली उष्णता तिथेच सोडते. अख्ख्या तुकड्यावर जंतू मुख्यतः बाहेरच्या बाजूला असतात, आणि आधी भाजून निघते तीच बाजू. आतला गाभा अजून बर्फ आहे, तिथे वाढणं शक्यच नाही. मधला थर काही मिनिटांत ऊबदार टप्पा ओलांडून जातो. म्हणजे जिथे जंतू आहेत तिथे वाफ, आणि जिथे वाफ पोचली नाही तिथे बर्फ. लाखोंनी वाढायला त्यांना ना जागा मिळते, ना वेळ.

वेळ जास्त लागतो हे मात्र खरं, आणि तो किती याचा हिशेब मांडता येतो. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. चिकनचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पाणी, म्हणजे किलोभर चिकनमधला बर्फ नुसता वितळवायला अडीचशेच्या आसपास. आता गंमत अशी, की तेच चिकन वितळल्यावर फ्रीजच्या ४ अंशांवरून ७४ अंशांवर न्यायलाही जवळपास तेवढीच उष्णता लागते. ढोबळ बोलायचं तर गोठलेल्या चिकनला दुप्पट इंधन. सहा लिटरच्या आसपासच्या कुकरची कॉइल साधारण १००० वॅटची असते, म्हणजे सेकंदाला एक किलोज्यूल. ही जादा उष्णता कागदावर चार-पाच मिनिटांची. प्रत्यक्षात बरीचशी भांडं आणि रस्सा तापवण्यात जाते. माझ्याकडे एरवी दहा मिनिटांत पिन (दाब धरला की झाकणावर उचलली जाते ती) वर येते, गोठलेलं असलं की वीस-बावीस. आणि या कुकरचं घड्याळ दाब धरल्यावरच चालू होतं, त्यामुळे वितळण्याचा बराचसा काळ शिजण्याच्या वेळेत धरलेलाच नसतो. मावशीला हे फोनवर समजावताना तिचा प्रश्न एकच होता, “पण शिट्ट्या किती?” शिट्टीच नाही म्हटल्यावर तिचा निम्मा विश्वास उडाला.

आता माझीच फजिती सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय हा मुद्दा पुरा होत नाही. पहिल्या वर्षी मी तंगड्यांची दोन किलोंची पिशवी, एकमेकींना घट्ट चिकटून गोळा झालेली, तशीच कुकरात ठेवली. पिन वर आली, पंधरा मिनिटं झाली, वाफ जिरली. झाकण उघडलं तर बाहेरच्या तंगड्या हाडापासून सुटून रश्शात लोळताहेत आणि मधोमध मुठीएवढा गारठलेला कच्चा गोळा. दाब तळातल्या पाण्याच्या वाफेने तयार होतो. चिकनच्या पोटात काय चाललंय ते त्या पिनेला कळत नाही. शिवाय उष्णता आत शिरायचा हिशेब सरळ नसतो, जाडी दुप्पट झाली की मध्यापर्यंत पोचायला वेळ साधारण चौपट लागतो. त्यामुळे “गोठलेलं असो की नसो, वेळ तेवढाच लावा” असं सांगणारेही मेसेज फिरतात, ते या मेसेजइतकेच चुकीचे आहेत. सुटे तुकडे थेट घाला. दगडासारखा गोळा घालू नका. अख्खी कोंबडी तर नकोच. तिच्या पोटात बर्फ असतो, आणि इकडे बऱ्याचदा गळा-काळीज-पेट्याची पुडीही आतच खुपसलेली असते.

अमेरिकन सरकारच्या मनाईचं काय? मनाई आहे, पण दुसऱ्याच भांड्याची. तिथल्या कृषी खात्याची अन्नसुरक्षा शाखा सांगते, की गोठलेलं मांस ओव्हनमध्ये किंवा शेगडीवर थेट शिजवायला हरकत नाही, फक्त वेळ साधारण दीडपट धरा. स्लो कुकरमध्ये मात्र आधी वितळवूनच घाला. स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर सहा-आठ तास रटरटणारं भांडं. त्याची ताकद दोन-अडीचशे वॅट, आत दाब नाही. त्यात गोठलेलं चिकन खरंच तासन्तास कोमट राहू शकतं. कुणीतरी दोन्ही भांडी दिसायला सारखी म्हणून नियमही एकच करून टाकला. गोंधळ व्हायला जागा आहे हे मान्य, कारण आपल्या इलेक्ट्रिक कुकरवरच ‘स्लो कुक’ असं एक बटण असतं. गोठलेलं चिकन घालून ते बटण दाबू नका. दुसरं एक बटण त्याहून धोक्याचं, आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही: उशिरा सुरू करायचं. सकाळी आठला चिकन घालून संध्याकाळी पाचचं लावायचं, “तोवर वितळेलही” असा हिशेब करत. इथे मात्र मेसेजमधली सगळी भीती अक्षरशः खरी ठरते.

कुकर फुटतो हे कशावरून आलं ते कळतं. फ्रीजरमधून काढलेल्या काचेच्या भांड्यावर उकळतं पाणी ओतलं तर ते तडकतं, हे आपण पाहिलेलं असतं. या कुकरचं आतलं भांडं स्टीलचं असतं, ते गारठलेल्या तंगडीने तडकत नाही. अपघात होतात ते भांडं दोनतृतीयांशाच्या खुणेच्याही वर भरल्याने, वाफेचं तोंड मसाल्याने किंवा डाळीने बुजल्याने, नाहीतर पिन खाली बसायच्या आत झाकण जोर लावून फिरवल्याने. गोठलेला मोठा तुकडा उभा राहून झाकणाला टेकणार नाही एवढं पाहिलं की झालं. खरा त्रास वेगळा आहे. तुम्ही कांदा-खोबऱ्याचं वाटण परतता, ते तळाला धरतं, वर गारठलेलं चिकन ठेवता, कॉइल नेहमीपेक्षा जास्त वेळ तापत राहते आणि कुकर करपल्याचा इशारा देऊन बंद पडतो. परतून झाल्यावर वाटीभर पाणी घालून तळ लाकडी उलथन्याने खरवडून घ्या, मग चिकन ठेवा.

हाडाजवळचा लाल रंग. मावशीच्या पिढीचा यावर पक्का विश्वास, आणि गावठी कोंबडीवर वाढलेल्या माणसाचं ते चूकही नाही. पण बाजारातला ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांचा असतो. त्याची हाडं पुरती टणक झालेली नसतात, आणि गोठताना आतल्या मज्जेतला रंग हाडातून झिरपून भोवतीच्या मांसात उतरतो. शिजल्यावर तो तांबडा-काळपट दिसतो. म्हणून गोठवलेल्या चिकनमध्ये असे डाग जास्त. ते पूर्ण शिजूनही लाल दिसू शकतं, आणि उलट, पांढरंफटक दिसणारा छातीचा जाड तुकडा मध्ये कमी शिजलेला निघू शकतो. रंगावर जाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर सर्वात जाड भागात, हाडाला न टेकवता खुपसा. ७४ अंश दाखवला की तुकडे शिजले. कॅनडाचं आरोग्य खातं तुकड्यांसाठी ७४ आणि अख्ख्या कोंबडीसाठी ८२ सांगतं. थर्मामीटर विकत घेतला तेव्हा घरात माझी भरपूर टिंगल झाली होती. आता कटलेट तळतानाही नवरा तो शोधत असतो.

ताकद निघून जाते, याला उत्तर तरी काय द्यायचं? प्रथिनं उष्णतेने उलगडतात आणि आखडतात, त्यालाच आपण शिजणं म्हणतो, मग चिकन ताजं असो वा गोठलेलं. उलट वितळताना जे गुलाबी पाणी सुटतं, ज्यात थोडी प्रथिनं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात, ते एरवी आपण मोरीत ओततो. थेट कुकरात घातलं तर ते रश्शातच उतरतं.

आता मेसेजचा शेवट, म्हणजे त्यातला उपाय. मला खरा राग आला तो इथे. आदल्या रात्री ओट्यावर काढून ठेवा! कराडात मे महिन्यात रात्रीही स्वयंपाकघर तापलेलं असतं. चिकनचा बाहेरचा थर तास-दोन तासांत ऊबदार होतो, आतला सकाळपर्यंत वितळत राहतो, आणि ज्या ४ ते ६० अंशांच्या टप्प्याची भीती घातली त्याच टप्प्यात चिकनची बाहेरची बाजू रात्रभर बसते. नियम दोन तासांचा आहे. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. आणि शिजवल्यावर सगळं मरेल या भरवशावर राहता येत नाही. स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू, जो आपल्या हातांवर, नाकात सहज असतो, तो वाढताना विष सोडतो. जंतू उष्णतेने मरतो, पण त्याचं विष तासभर उकळूनही बऱ्यापैकी टिकतं. म्हणजे विष शिजवणं हा शब्दप्रयोग कुठे चपखल बसत असेल, तर तो मेसेजने सुचवलेल्या उपायालाच. वर नळाखाली धुवायचं. त्या धारेचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर आणि कोशिंबिरीच्या काकडीवर. काकडी तर कुणी शिजवत नाही.

वितळवायचंच असेल तर खोलगट ताटलीत घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. अर्धा किलो तुकडे रात्रभरात होतात, मोठ्या कोंबडीला पुरा दिवस किंवा जास्त. घाई असेल तर पिशवीचं तोंड घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा, दर अर्ध्या तासाने पाणी बदला. अर्ध्या किलोला तासभर पुरतो, मग लगेच शिजवा.

गोठलेलं चिकन थेट घालण्याविरुद्ध एक तक्रार रास्त आहे, आणि ती या मेसेजला सुचलीच नाही. चवीची. हळद, मीठ, आलं-लसूण, दही काहीही बर्फाला धरत नाही. सुक्कं करायला जाल तर एवढं पाणी सुटतं की मसाला आटवता आटवता चिकनचे धागे होतात. सुक्कं, तंदुरी, बिर्याणी यांसाठी मी आदल्या दिवशी आठवणीने फ्रीजमध्ये काढून ठेवते, आणि विसरले तर त्या दिवशी अंडाकरी. रस्सा मात्र थेट चालतो. हाडासकट सुटे तुकडे, दीड वाटी पाणी, जास्त दाबावर १५ मिनिटं, मग १० मिनिटं वाफ आपली आपण जिरू द्यायची. वाटण थोडं तिखट धरायचं आणि मीठ शेवटी चाखून घालायचं. पातळ वाटला तर झाकण काढून पाच मिनिटं उकळायचा.

त्या फजितीनंतर मी एवढंच बदललं, की चिकन आणलं की पिशवीत दोन बोटं जाडीचं सपाट पसरून आडवं गोठवते. पाटीसारखी लादी होते, ओट्याच्या कडेवर एकदा आपटली की तुकडे सुटे. मावशीला त्या लादीचा फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, “ते ठीक आहे गं, पण त्या कुकरला शिट्टी का नाही लावली त्यांनी?”