फिल्टरच्या डीएनएसला ‘बॅकअप’ म्हणून ८.८.८.८ लावू नका

“राउटरमध्ये प्रायमरी डीएनएस १.१.१.३ आणि सेकंडरी ८.८.८.८ टाका. पहिला बंद पडला तरच दुसरा वापरला जातो. मुलांना नको त्या साइट उघडत नाहीत आणि नेट दुप्पट वेगाने चालते,” असा एक संदेश सध्या फिरतो आहे. (डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता सांगणारी सेवा; १.१.१.३ आणि ८.८.८.८ हे अशा दोन सर्व्हरांचे पत्ते.) माझ्या बहिणीने तो शब्दशः अमलात आणला आणि मुलांच्या मोबाइलची काळजी मिटली असे समजून ती निर्धास्त झाली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक आहे ते ‘पहिला बंद पडला तरच दुसरा’ हे गृहीतक. १.१.१.३ हा क्लाउडफ्लेअरचा सर्व्हर अश्लील आणि घातक साइट अडवतो, गुगलचा ८.८.८.८ अश्लील साइट अडवत नाही. अनेक घरगुती राउटरांत डीएनएसची चौकशी पुढे पाठवण्याचे काम डीएनएसमास्क हा प्रोग्राम करतो. त्याच्या माहितीपुस्तिकेतच म्हटले आहे की, एरवी तो माहीत असलेल्या कोणत्याही सर्व्हरला विचारतो आणि चालू असलेल्यांना झुकते माप देतो. यादीतला क्रम पाळायला हवा असेल, तर ‘स्ट्रिक्ट-ऑर्डर’ हा पर्याय मुद्दाम लावावा लागतो. परिणामी, जी साइट आत्ता ०.०.०.० असा निरुपयोगी पत्ता मिळून अडते, तीच थोड्या वेळाने त्याच मोबाइलवर बिनदिक्कत उघडते. बहिणीच्या घरी नेमके हेच घडत होते. याला बॅकअप म्हणायचे, तर मग फिल्टर बसवण्याचा खटाटोप तरी कशाला?

क्रमाने विचारणाऱ्या यंत्रणा आहेत, एवढे मात्र मान्य करावे लागते. लिनक्स या संगणक प्रणालीवरची नावे शोधण्याची जुनी पद्धत तशीच चालते. पण पहिला सर्व्हर गप्प असेल, तर ती, सेटिंग बदलले नसेल तर, पाच सेकंद वाट पाहते, मग दुसऱ्याकडे वळते. शिवाय ‘असे नाव अस्तित्वात नाही’ हेही पूर्ण उत्तरच असते, त्यामुळे ‘पहिल्याला सापडले नाही तर दुसरा शोधून देतो’ ही याच संदेशाला जोडलेली पुस्तीही खोटी आहे.

वेगाच्या दाव्यावर फार शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. डीएनएस केवळ नावावरून पत्ता सांगतो. पान उघडायला किंचित कमी वेळ लागेल, डाउनलोडचा वेग तोच राहील.

दुसरा सर्व्हर जरूर ठेवावा, पण तोही त्याच फिल्टरचा, म्हणजे १.०.०.३. आयपीव्ही६ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल, तर त्याचे डीएनएसचे रकाने वेगळे असतात. ते तसेच सोडले, तर मोबाइल त्या वाटेने फिल्टर नसलेल्या सर्व्हरला विचारू शकतो.