जुन्या पिकअपला पूर्ण सस्पेन्शन किट का नको: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

माझ्या सस्पेन्शनच्या लेखावर तुम्ही बरंच खरमरीत लिहिलंय. तुमचं म्हणणं असं: अडीच लाख किलोमीटर झालेल्या पिकअपमध्ये महागडे पार्ट घालणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यापेक्षा पुढच्या सस्पेन्शनचा पूर्ण किट एकदम बदलला की खडखड संपली. पार्ट सगळे एकाच कारखान्यातून येतात, बदलतो तो फक्त डबा. बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या) टाकायचेच तर पीयूचे (पॉलियुरेथेनचे) टाका, पुन्हा बघायला नको. आणि शेवटी विचारलंत की मागच्या कमानी (स्टीलच्या पट्ट्यांच्या स्प्रिंग) बसल्यात, तर एखाद-दुसरा पाटा (पट्टी) वाढवून घेऊ का. हे मुद्दे रोज गाडी राबवणाऱ्या माणसाचे आहेत, म्हणून नीट उत्तर देतो.

किटवर माझा आक्षेप त्याच्या किमतीमुळे नाही. किट बसवताना गाडीतला धडधाकट पार्ट काढून फेकला जातो आणि त्याच्या जागी त्याहून हलक्या दर्जाचा येतो, हे मला खटकतं. अडीच लाखांनंतरही सगळं सारखं झिजत नाही. लिंक रॉड (वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या बारची जोडदांडी) आणि बुश लवकर जातात. बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळ्याचा, चाकाजवळचा सांधा) जातो तो बहुतेकदा बूट, म्हणजे त्यावरचं रबरी आवरण, फाटल्यामुळे, कारण मग धूळ आणि पाणी थेट आतल्या ग्रीसमध्ये शिरतं. पण ज्याचा बूट शाबूत आहे, ज्यात प्ले (ढिलेपणा) नाही, असा कारखान्यातून गाडीबरोबर आलेला जॉइंट किटमधल्या कोऱ्या जॉइंटपेक्षा जास्त चालेल असं मी ठामपणे म्हणेन. डझनभर पार्ट एका ठरलेल्या भावात द्यायचे, तर कुठेतरी हात आखडता घ्यावाच लागतो. तो स्टीलच्या उष्णताप्रक्रियेत, गोळ्याच्या पॉलिशमध्ये आणि रबराच्या दर्जात घेतला जातो, आणि यातलं काहीच डबा उघडल्यावर दिसत नाही.

म्हणून बदलायच्या पार्टची यादी करायची ती गाडी उचलून तपासल्यावर. तुमच्या गाडीला पुढे टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी) आहे असं तुम्ही लिहिलंय. तो खालच्या आर्मला (चाक चेसिसला जोडणाऱ्या दांड्याला) जोडलेला असेल तर जॅक त्याच आर्मखाली, बॉल जॉइंटच्या शक्य तितक्या जवळ लावा. चेसिसखाली जॅक लावला तर स्प्रिंगचा ताण जॉइंटवर तसाच राहतो आणि झिजलेला जॉइंटही घट्ट वाटतो. या एका चुकीमुळे खराब जॉइंट ‘ठीक आहे’ म्हणून पास होतात. जॅक नीट लागला की चाकाखाली पहार घालून वर-खाली हलवा. प्ले लागला तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर प्ले गेला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर बॉल जॉइंटचा. चाक डावी-उजवीकडे हलवताना प्ले लागला तर आधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगच्या दांडीचा चाकाकडचा सांधा) बघा. काही जॉइंटमध्ये कंपनीनेच थोडा प्ले मान्य केलेला असतो, तो आकडा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल.

आता पैसे कुठे घालायचे. मी एकच प्रश्न विचारतो: हा पार्ट चालत्या गाडीत तुटला तर काय होईल? लिंक रॉड तुटला तर आवाज येईल, वळणावर गाडी जास्त कलेल, पण तुम्ही घरी पोचाल. तिथे मध्यम दर्जाचा पार्ट टाका, माझी हरकत नाही. खालचा बॉल जॉइंट निसटला तर चाक आडवं होऊन गाडी जागेवर बसते, आणि ते कोणत्या वेगाला होईल हे आपल्या हातात नसतं. त्यातही काही गाड्यांमध्ये वजन गोळ्याला वाटीत दाबतं, काहींमध्ये वाटीतून बाहेर ओढतं. दुसऱ्या प्रकारात झीज वाढली की गोळा सरळ उपसून येऊ शकतो. २००५ साली टोयोटाने अमेरिकेत टाकोमा, टुंड्रा, फोररनर आणि सिक्वोया मिळून साडेसात लाखांच्या आसपास गाड्या पुढच्या बॉल जॉइंटसाठी परत बोलावल्या. कारण होतं, बनवताना गोळ्याच्या पृष्ठभागावर पडलेले ओरखडे. नावाजलेल्या कंपनीच्या गाडीतही एवढ्याशा ओरखड्यांनी ही वेळ आणली. म्हणून हा पार्ट आणि टाय रॉड एंड यांत काटकसर करू नका, इथे मी तडजोड करणार नाही.

‘सगळं एकाच कारखान्यातून’ हे तुमचं वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्याचा फायदा जरूर घ्या. गाडी बनवणाऱ्या कंपन्या सस्पेन्शनचे बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाहीत. झेडएफच्या लेमफर्डर आणि सॅक्स, टेनेकोची मन्रो, केवायबी, बिलस्टाइन हे पुरवठादार गाडी कंपन्यांनाही देतात आणि स्वतःच्या डब्यातही विकतात. तुमच्या मॉडेलचा मूळ पुरवठादार कोण हे शोधून त्याचा पार्ट त्याच्याच डब्यात घेतला, तर शोरूमच्या डब्याचे पैसे वाचतात. उलटं, म्हणजे कारखाना एकच असला की दर्जाही एकच, हे मात्र खरं नाही. एकाच कारखान्यात दोन ग्राहकांसाठी दोन दर्जाचा माल निघू शकतो, आणि फक्त नाव छापून विकणाऱ्या ब्रँडचा पुरवठादार मधेच बदलला तरी तुम्हाला कळत नाही.

पार्ट हातात आला की जुन्याशेजारी ठेवा. वजन, स्टडची (जॉइंटमधून बाहेर आलेल्या दांड्याची) जाडी, बुशमधल्या पोकळ्यांची दिशा ताडून बघा. बॉल जॉइंटचा स्टड हाताने फिरवा: सगळीकडे सारखा घट्ट लागला पाहिजे, कुठे सैल कुठे अडकल्यासारखा नको. ग्रीस निपल (ग्रीस भरायचं तोंड) असलेला जॉइंट चांगला, पण वेळच्या वेळी ग्रीस भरणार असाल तरच, आणि बूट फुगेपर्यंत भरू नका. ‘लाइफटाइम वॉरंटी’वर भुलू नका. त्यात तसाच दुसरा पार्ट मिळतो. मजुरी, अलाइनमेंट आणि गाडी उभी राहिल्याने बुडालेला धंदा बहुतेकदा तुमच्याच माथी असतो.

पीयू बुश टिकतात, हे मान्य. पण ते कडक असतात, धक्का चेसिसपर्यंत पोचवतात आणि ग्रीस सुकलं की कुईकुई करतात. रोज कामावर जाणाऱ्या गाडीला मी चांगल्या रबराचेच सुचवेन.

शॉकबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, तरी एक सांगतो. शॉकअ‍ॅब्सॉर्बर वजन उचलत नाही, तो स्प्रिंगचं उसळणं थांबवतो. त्यामुळे ‘हेवी ड्यूटी’ शॉक टाकून बसलेली गाडी वर येणार नाही. मोनोट्यूब (एका नळीचा शॉक) उष्णता चांगली टाकतो, पण त्याच्या नळीला दगडाने पोचा पडला की आतला पिस्टन अडकतो. खडीच्या रस्त्यावर राबणाऱ्या पिकअपला चांगल्या कंपनीचा ट्विन-ट्यूब (दोन नळ्यांचा) गॅस शॉक मला जास्त शहाणपणाचा वाटतो. बदलताना एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला.

एवढं करूनही पार्ट लवकर जातात ते बसवण्यातल्या घाईने. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना शेवटचे कसले, की गाडी खाली आल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बोल्ट हलके लावा, चाकांवर गाडीचं वजन येऊ द्या, मग टॉर्क द्या (ठरलेल्या जोराने आवळा). ‘बुश वर्षभरही टिकले नाहीत’ या तक्रारीमागे कित्येकदा हेच असतं. कॅसल नटचं (पिन घालायच्या खाचांच्या नटचं) भोक जुळलं नाही तर नट सैल करू नका, पुढच्या खाचेपर्यंत आवळा, आणि पिन नवीनच घाला. त्यानंतर अलाइनमेंट, टाळाटाळ न करता.

राहिल्या कमानी. बसलेल्या कमानीत पाटा वाढवला तर गाडी उचलली जाईल, पण डोळे (टोकांना वळवलेली भोकं) असलेला मुख्य पाटा तोच थकलेला राहील, आणि अ‍ॅक्सल जागेवर धरून ठेवतो तो हाच. शिवाय रिकाम्या गाडीला मागून धक्के बसतील. भारक्षमता तर वाढतच नाही. टायर, बेअरिंग, अ‍ॅक्सल आणि ब्रेक तेच राहतात. कमानी खरंच बसल्या असतील तर दोन्ही बाजूंच्या पूर्ण नव्या घ्या, त्या आवळणारे यू-बोल्ट जुने वापरू नका, आणि थोडी गाडी चालल्यावर ते पुन्हा टॉर्कने तपासा. त्याआधी एक मोजमाप करून कळवा: गाडी रिकामी, सपाट जागेवर, चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर, दोन्ही बाजूंचं. दोहोंत ठळक फरक आला तर कमान बसलेली नसून त्या बाजूचा एखादा पाटा तुटला असण्याची किंवा शॅकलचा (कमानीचं टोक चेसिसला टांगणाऱ्या कडीचा) बुश खलास झाला असण्याची शक्यता जास्त. मग कमानी विकत घ्यायच्या आधी तिथली माती धुऊन एकेक पाटा बॅटरीच्या उजेडात बघा, विशेषतः सेंटर बोल्टच्या (पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या बोल्टच्या) भोवती.