१४६ चं मत आणि तेरा खासदार

दादा, १९६९ च्या राष्ट्रपती निवडणुकीत व्ही. व्ही. गिरींऐवजी नीलम संजीव रेड्डी निवडून येतात, या माझ्या कथेवर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. पहिल्या पसंतीत गिरी ८८ हजारांनी पुढे असताना तेरा खासदार फुटून निकाल कसा फिरेल? कथेतल्या कोल्हापूरच्या आमदाराचं मत १७५ चं कुठून आलं? आणि पक्षादेश (व्हिप) मोडूनही त्याची आमदारकी कशी टिकली?

दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तिथं मी सपशेल चुकलोय. आमदाराच्या एका मताचं वजन, म्हणजे मतमूल्य, राज्याच्या लोकसंख्येवरून ठरतं; १७५ हे मतमूल्य १९७१ च्या जनगणनेवरचं आणि २८८ जागांचं. १९६९ ला धरायची ती १९६१ ची जनगणना: ३,९५,५३,७१८ भागिले २७० जागा, म्हणजे १,४६,४९५. हजाराने भागलं की १४६, बाकी ४९५. बाकी ५०० असती तर १४७ झाले असते, पाचानं हुकलं. कथेत कोल्हापूरच्या बिंदू चौकात रेडिओभोवती बसलेली मंडळी आता १४६ च म्हणतात.

तेरा खासदारांवर मात्र मी ठाम आहे. ८८ हजारांची आघाडी फक्त पहिल्या फेरीची, म्हणजे मतपत्रिकांवरच्या पहिल्या पसंतीची. गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, चिंतामणराव देशमुख १,१२,७६९. वैध मतं ८,३६,३३७, म्हणजे कोटा (निवडून यायला लागणारी निम्म्याहून जास्त मतं) ४,१८,१६९. तो कुणीच गाठला नाही, म्हणून तळाचे उमेदवार एकेक करून बाद झाले आणि त्यांच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे गेल्या. देशमुखांना जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाचा पाठिंबा होता, त्यामुळं वाटप एकतर्फी झालं: रेड्डींना ९१,८७९, गिरींना जेमतेम १८,५६२. शेवटी गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७. फरक उरला १४,६५०. गिरींची ७,३२६ मतं रेड्डींकडे गेली की संपलं. खासदाराचं मत तेव्हा ५७६ चं. बारा जणांनी भागत नाही (६,९१२), तेरांनी भागतं (७,४८८). पहिल्या फेरीत गिरी तरीही ७२,९९१ नी पुढेच राहतात, आणि कथेची गंमत तिथंच आहे.

तुम्ही सुचवलंत की, ज्यांनी पुढची पसंतीच लिहिली नाही त्यांची मतं रेड्डींना द्या. करून बघितलं. ती भरतात १०,८३३. सगळी दिली तरी रेड्डी ४,१६,२६० वर अडकतात आणि गिरी कोट्याच्या वरच. त्या वाटेनं जमत नाही.

पक्षादेशाचं म्हणाल, तर तो निघालाच नव्हता. रेड्डी काँग्रेसचे अधिकृत उमेदवार असूनही इंदिरा गांधींनी तो काढायला नकार दिला आणि सद्सद्विवेकबुद्धीनं मत द्या म्हणाल्या. मतदान गुप्त, आणि पक्षांतरबंदी कायदा आला १९८५ मध्ये. आमदारकी जायची कशी?

आता तुमच्या नजरेतून सुटलेली चूक मीच सांगतो. कथेत रेडिओवर ‘रेड्डींनी कोटा ओलांडला’ अशी बातमी येते. तेरा खासदार फिरल्यावर रेड्डी ४,१२,९१५ आणि गिरी ४,१२,५८९, म्हणजे कोटा दोघांनाही लांबच. तिथं ३२६ नी कमी असलेले गिरी बाद होतात आणि एकटे उरले म्हणून रेड्डी निवडून येतात. ते वाक्य आज बदललं.