मातीच्या सवडीने

चाकावर एक कप उठवायला १० मिनिटे पुरतात. त्यानंतरचा सगळा काळ तो कप कान जोडण्याजोगा होण्याची वाट पाहण्यात जातो, आणि सामायिक स्टुडिओच्या वेळापत्रकात वाट पाहण्यासाठी रकाना नसतो. माझ्या वाट्याला मंगळवार आणि शुक्रवारची संध्याकाळ आली आहे. मातीला मात्र या व्यवस्थेची कल्पना कोणी दिलेली नाही. त्यामुळे मंगळवारचे कप बुधवारी दुपारी, म्हणजे नेमकी मी तिथे नसताना, हव्या त्या घट्टपणाला येतात.

यावर प्लास्टिक हा सर्वमान्य उपाय आहे. ते घट्ट गुंडाळले, तर शुक्रवारी कप इतके ओलेकच्च असतात की बोट लावताच खळी पडते. सैल गुंडाळले, तर काठ पांढरे पडून खडखडीत आणि तळ अजून गार. अशा कपाला ओला कान जोडला, तर तो त्या वेळी मुकाट्याने चिकटतो; पण कप आधीच आक्रसून बसलेला असल्याने पुढे कान एकटाच आक्रसत जातो आणि सांध्यावर बारीक भेग पाडतो. ती भेग झिलईखाली लपेल असे ज्यांना वाटते, त्यांनी खुशाल वाटून घ्यावे. भट्टी ती आवर्जून रुंद करून दाखवते. शिवाय एखादा परोपकारी सहकारी 'तुमची भांडी वाळेनात' म्हणून पंखा लावून जातो, ते वेगळेच.

भट्टी तर सर्वांची मिळून भरल्याशिवाय पेटत नाही. पेटल्यावरही १०० अंशांच्या आत पाणी सावकाश जाऊ द्यावे लागते, नाहीतर जाड बुडाचे भांडे आतल्या वाफेने फुटते आणि शेजारची परकी फुलदाणीही सोबत नेते. ५७३ अंशांपाशी मातीतल्या क्वार्ट्झचे, म्हणजे गारगोटीच्या कणांचे, आकारमान एकदम बदलते, म्हणून तिथे चढताना आणि उतरतानाही घाई चालत नाही. पहिली भाजणी साधारण १००० अंशांची, मग झिलईची, आणि दोन्हींनंतर थंड होण्याची प्रतीक्षा.

अशा वेळी ग्राहक म्हणतात, "सहाच कप हवेत, तेही साधेच, पुढच्या आठवड्यात मिळतील ना?" मी वही उघडून गंभीरपणे पाने उलटते आणि महिन्याभरानंतरची तारीख सांगते. फारच ओढ दिसली, तर बिनकानाचे पेले सुचवते. त्यांचे बूड चाकावरच पातळ राखले, तर जादा माती तासण्याइतके ते घट्ट होण्याचीही वाट पाहावी लागत नाही. अलीकडे मी त्यांना माझी खास शैली म्हणू लागले आहे.