'अर्धा डॉक्टर' कशाला हवा? एका प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

गडचिरोलीसारख्या भागासाठी फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली तपासणी-उपचार करणारे सहायक तयार करावेत, या मागच्या लेखावर तुम्ही 'निवृत्त वैद्यकीय अधिकारी' या नावाने लिहिलंत. तुमचे आक्षेप तीन. शहराला एमडी आणि भामरागडला अर्धा डॉक्टर, हा दुजाभाव आहे. हे लोक शिकून नागपुरात, धंतोली-रामदासपेठेच्या खासगी दवाखान्यांतच राहतील. आणि जे खेड्यात जातील ते सुया टोचून दुकान मांडतील. त्यापेक्षा एमबीबीएसचा बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, कडक करा, असं तुमचं म्हणणं.

दुसरा आक्षेप जवळपास पूर्ण मान्य आहे. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने 1965 साली नौदलातले माजी वैद्यकीय सैनिक घेऊन हा कोर्स सुरू केला, तो डॉक्टर पुरत नव्हते म्हणून. आपल्याकडे तो 1992 मध्ये चेन्नईत सुरू झाला, हृदयशस्त्रक्रियेच्या विभागाला मदतनीस हवे होते म्हणून. जिथे जन्म तिथलंच वळण. बायपाससाठी पायातली शीर काढणं, आयसीयूचा राउंड, डिस्चार्ज कार्ड यात तयार झालेला मुलगा एटापल्लीला जाऊन करणार काय? 2021 च्या केंद्रीय कायद्याने या व्यवसायाला ओळख दिली खरी, पण प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याचं पदच नाही. आज त्या जागेच्या सर्वात जवळ आहे तो उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे आपला सीएचओ: बहुतेक बीएएमएस, वर सहा महिन्यांचा कोर्स, आणि आदिवासी भागात 3000, इतरत्र 5000 लोकसंख्या. म्हणून पुढचं सगळं त्याला समोर ठेवून लिहितो.

दुजाभावाचा मुद्दा जुना आहे. नागपुरातच रॉबर्टसन मेडिकल स्कूलमधून एलएमपी, म्हणजे पदवीऐवजी परवाना घेतलेले डॉक्टर बाहेर पडायचे. 1946 च्या भोर समितीने डॉक्टर एकाच प्रकारचा असावा असं ठरवलं आणि ती वाट बंद झाली. समितीचा हेतू चांगलाच होता, पण खेड्यातली खुर्ची रिकामी राहिली. छत्तीसगडने 2001 मध्ये तीन वर्षांचा कोर्स काढला. पुढे ही मुलं ग्रामीण वैद्यकीय सहायक म्हणून आरोग्य केंद्रांत बसली, आणि नेहमीच्या आजारांबाबत त्यांची पारख केली तेव्हा ती एमबीबीएसच्या बरोबरीची निघाली. तरीही कोर्स 2008 पर्यंतच चालला. पदवीचं नाव काय, खासगी प्रॅक्टिसचा हक्क आहे की नाही, पुढे बढती कोणती, यातलं काहीच आधी ठरलेलं नव्हतं. आसामच्या अशाच कोर्सचा कायदा तर सर्वोच्च न्यायालयानेही 2023 मध्ये टिकू दिला नाही. तेव्हा शिकवणं जमतं, हे दिसलेलं आहे. हद्द आधी आखली नाही की सगळं फसतं.

आता 'अर्धं' ज्ञान म्हणजे नेमकं काय, ते बघू. उपकेंद्रात पंचवीसेक कामं येतात, पण ती पूर्णच यावी लागतात. मुलाला खोकला आहे, न्यूमोनिया आहे का? श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांच्या आत 40 किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. हे आकडे सगळ्यांना पाठ असतात. चूक होते मोजण्यात: रडणाऱ्या मुलाचे मोजतात, झबलं वर न करता मोजतात, अर्धा मिनिट मोजून दुप्पट करतात. तान्ह्या बाळाचा श्वास मुळातच अनियमित असतो, त्यामुळे दुप्पट करताना चूकही दुप्पट होते. मूल आईच्या मांडीवर शांत असताना पूर्ण एक मिनिट, दुसरा उपाय नाही. हे वर्गात येत नाही. ओपीडीत शिकवणाऱ्याने शेजारी बसून त्याच मुलाचे श्वास स्वतःही मोजायचे आणि आकडे जुळवायचे, तेव्हा येतं.

गरोदर बाईला झटके आले, तर ते थांबवणारं मॅग्नेशियम सल्फेट द्यायचं. 50 टक्क्यांची 2 मिलीची अँप्युल म्हणजे 1 ग्रॅम. रेफर करण्याआधीचा डोस 10 ग्रॅम, म्हणजे दहा अँप्युल, प्रत्येक नितंबात पाच, खोल स्नायूत. इथे दोन ठिकाणी घोळ होतो. इंजेक्शन फार दुखतं, बाई ओरडते, नातेवाईक हात धरतात आणि दुसरी बाजू राहून जाते. दुसरा घोळ जास्त वाईट. डोस आणि वेळ चिठ्ठीवर नसते, त्यामुळे वरच्या दवाखान्यात सुरुवातीचा पूर्ण डोस पुन्हा दिला जातो आणि श्वास मंदावतो. चिठ्ठी लिहिणं हाही परीक्षेचा विषय हवा, तोही पास-नापासाचा.

साप चावला, तर 20 मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी: शिरेतलं 2 मिली ताजं रक्त, कोरड्या काचेच्या नळीत, 20 मिनिटं न हलवता, मग एकदाच तिरकी करून बघायचं. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल, तर चांगलं रक्तही गोठत नाही. उलट मण्यार चावलेल्याचं रक्त व्यवस्थित गोठतं आणि पापण्या मात्र खाली येत असतात, कारण ते विष नसांवर चढतं. 'चाचणी नॉर्मल, घरी जा' हे वाक्य तिथे जीव घेतं. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचंही असंच आहे. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजारच आहे असं नाही, तो नुसता वाहकही असू शकतो. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या रक्ततपासण्यांशिवाय हे कळत नाही, आणि तोवर गावात लग्न मोडलेलं असतं.

दुकानाच्या भीतीला आधार आहे, नाही म्हणत नाही. पण सुईचं दुकान चालतं डायक्लोफेनॅक, डेक्सामेथासोन आणि सलाईनवर. उपकेंद्राच्या यादीबाहेरचं औषध कपाटात दिसलं की प्रश्न विचारायचा, आणि दर महिन्याला रिकाम्या व्हायल नोंदवहीशी ताडून बघायच्या. कंटाळवाणं काम आहे, पण उपदेशापेक्षा उपयोगी.

बाँडबद्दल. एक वर्षाचा बाँड जरूर पाळायला लावा. पण माडिया किंवा कोरकू या आदिवासी बोली कानावर बसायलाच सहा महिने जातात, उरलेले सहा पीजीच्या अभ्यासात. सहायक त्याच तालुक्यातला, तीच बोली बोलणारा निवडला आणि त्याचं निम्म्याहून जास्त शिक्षण नागपूरच्या मेयो-मेडिकल या मोठ्या रुग्णालयांऐवजी ग्रामीण रुग्णालय आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात झालं, तर तो टिकण्याची शक्यता वाढते. हमी नाही.

एका जागी मात्र तुम्ही मला पकडलंत. 'अडलं तर फोनवर डॉक्टर आहेच', असं मी लिहिलं होतं. ते सैल होतं. पावसाळ्यात भामरागडचा रस्ताही जातो आणि नेटवर्कही. शिवाय ज्या डॉक्टरने त्या सहायकाला काम करताना कधी पाहिलेलंच नाही, तो फोनवर एकच सांगतो: 'पाठवून द्या.' तो परिच्छेद आज बदलला आहे. आता तिथे असं आहे: वैद्यकीय अधिकाऱ्याने आठवड्यातला एक ठरलेला दिवस उपकेंद्रात बसावं, त्या आठवड्यातले दहा केसपेपर आणि सगळ्या रेफर चिठ्ठ्या सहायकासमोर वाचाव्यात, आणि हा दिवस त्याच्या ड्युटीत धरावा. फोन लागणार नाही असं गृहीत धरून कोणता डोस स्वतःच्या अधिकारात द्यायचा, त्याची लेखी यादी दोघांच्या सहीने भिंतीवर हवी. तुम्ही ही खुर्ची सांभाळली आहे. या यादीत काय नसावं, ते कळवा.