चिकन सोडा म्हणणाऱ्यांनो, जरा कापणाऱ्याकडे बघा

बर्ड फ्लूची बातमी आली की आपल्या नाशकात चिकनवाले माश्या मारत बसतात आणि मटणाला रांग लागते. सोसायटीच्या ग्रुपवर 'अंडीसुद्धा बंद' असा फतवा निघतो. अहो, ७० अंशांच्या वर नीट शिजलं की हा विषाणू मरतो आणि आपला रस्सा तर चांगला रटरटतो! हाफ फ्राय तेवढं त्या दिवसांत नको.

खरा धोका दुकानाच्या मागच्या बाजूला असतो. पोरगा पिंजऱ्यातून जिवंत कोंबडी ओढतो, कापतो, गरम पाण्यातून काढून पिसं काढायच्या मशिनमध्ये टाकतो. ड्रम फिरला की ओले शिंतोडे थेट त्याच्या तोंडावर. ना मास्क, ना हातमोजे. आजारी पक्ष्याच्या लाळेत आणि विष्ठेत विषाणू असतो. माणसात तो शिरतो नाका-तोंडा-डोळ्यांवाटे.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू पहिल्यांदा माणसांत सापडला, तेव्हा १८ जणांना लागण झाली, ६ दगावले. २००३ पासून जगभरात नोंदलेल्या रुग्णांपैकी जवळपास निम्मे गेले. रुग्ण हजाराच्या आसपासच, कारण माणसाकडून माणसाला तो अजून सहज लागत नाही. पण २०२४ मध्ये अमेरिकेत तो दुभत्या गायींत शिरला आणि त्याच वर्षाअखेरीस आपल्या नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्यानं मेले. सस्तन प्राण्यांत तो असा रुळायला लागला तर आपलं काही खरं नाही.

म्हणूनच तो लवकर कळायला हवा, आणि इथे आपली घबराट आडवी येते. २००६ मध्ये नवापूरला कोंबड्यांत देशातली पहिली साथ आली, तेव्हा भाव कसे कोसळले ते पोल्ट्रीवाले विसरलेले नाहीत. मग शेडमध्ये मर वाढली तरी 'मानमोडी (कोंबड्यांचा दुसरा एक रोग) असेल' म्हणत मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर जातात. खरं तर सरकारी भरपाई मिळते ती साथ रोखायला सरकारी पथकानं मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. त्यामुळे लपवण्यात नुकसानच जास्त. (नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाणाऱ्या हौशी मंडळींनो, मेलेलं बदक हातात धरून फोटो नकोत. वनखात्याला कळवा.)

आमच्या चिकनवाल्या दादांना परवा विचारलं, पोरांना हातमोजे का देत नाही? म्हणाले, "सुरी सटकते, ताई." म्हटलं, मास्कनं काय सटकतं?