खोबरेल प्या नि शुगरच्या गोळ्या सोडा म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

मालवणपासून गुहागरपर्यंत सगळ्या फॅमिली ग्रुपवर सध्या एकच मेसेज फिरतोय, की मेंदूत 'शुगर पेशी' सापडल्या, अल्झायमर म्हणजे टाइप ३ डायबिटीस, म्हणून पेज-भात बंद करा, सकाळी चार चमचे खोबरेल प्या आणि शुगरच्या गोळ्या सोडा.

आधी त्या पेशी. अगदीच थाप नाही हां ती. टॅनिसाइट नावाच्या पेशी आहेत, हायपोथॅलॅमसमध्ये, म्हणजे भूक सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात, मेंदूतल्या तिसऱ्या पोकळीच्या तळाला नि भिंतींना, त्या ग्लुकोजचा अंदाज घेतात आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन रक्तातून आत पोचवायला मदत करतात. पण हे बरंचसं काम उंदरांवर झालंय, त्यातून आपल्या आजीने काय खावं ते ठरत नाही.

टाइप ३ हे नाव २००५ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीच्या सुझॅन डी ला माँट यांच्या टीमने वापरलं, पण डॉक्टरांच्या लेखी ते अधिकृत निदान नाही. डायबिटीसवाल्यांना स्मृतिभ्रंशाचा (अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) धोका साधारण दीडपट, हे खरं. पण दोन्ही आजार एकच असते तर शुगरच्या औषधाने अल्झायमर किमान थोडा तरी आटोक्यात यायला हवा होता ना? सेमाग्लुटाइड हे शुगरचं औषध अल्झायमरच्या सुमारे ३,८०० पेशंटवर दोन वर्षं तपासलं, नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला, आजार काही मंदावला नाही.

खोबरेलाचं म्हणाल तर त्यातून शरीरात कीटोन (फॅटपासून बनणारं एक इंधन) बनतात आणि ते मेंदूला चालतात, इथवर बरोबर. पण त्यात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल नावाचं फॅट, त्याचे कीटोन फारसे बनत नाहीत, आणि ऐंशी टक्क्यांच्या वर सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे एलडीएल, वाईट कोलेस्टेरॉल, वाढणार. सोलकढीतला नारळ खुशाल खा, तेल औषध म्हणून ढोसू नका. पेजेचं पण तेच, उकड्या तांदळाची वाटीभर पेज नि तीन वेळा ताट भरून भात यात फरक आहे की नाही?

गोळ्या सोडा हे मात्र सरळ धोक्याचं आहे, आणि खरा राग मला त्याचाच आलाय. औषध मनाने बंद केलं की शुगर चढते, नि गोळ्या घेऊन पेज-भात अचानक बंद केला तर काही गोळ्यांनी, इन्सुलिनने तर नक्कीच, ती धाडकन उतरते, म्हातारं माणूस गोंधळतं, घरच्यांना वाटतं विसरायला लागलं. शिवाय मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की काहींचं व्हिटॅमिन बी१२ कमी होतं, त्यानेही विसर पडतो आणि तो बऱ्याचदा उपचाराने सुधारतो. तेव्हा आजी-आजोबा विसरत असतील तर डॉक्टरांना बी१२ नि थायरॉईड तपासायला सांगा, रक्ताच्या साध्या टेस्ट आहेत.